पडद्याची डावी बाजू

कोकरेभाऊ पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा आमचा कॉम्प्युटर कुशीवर झोपला होता. म्हणजे आम्हीच त्याला झोपवला होता. आदल्या दिवशी कीबोर्डवर काहीतरी नको ते दाबलं गेलं आणि पडद्यावरचं सगळं आडवं झालं. निकालाचे दिवस, माझ्या वर्गाचे गुण भरायचे बाकी. मान वाकडी करून करून आमच्या ह्यांची मान धरली, तेव्हा त्यांनी मॉनिटरच उचलून आडवा केला, मागे उशी लावली आणि म्हणाले, "भर आता." मी भरत बसले. मॉनिटरचा पाय बाजूला हवेत, उशी सारखी घसरतेय, असं सगळं चाललं होतं.

शेजारच्या सुमनताई विरजण मागायला आल्या, त्यांनी तो अवतार पाहिला आणि तोंडाला पदर लावून हसत माघारी गेल्या. थोड्या वेळानं त्यांचे मिस्टर दारात उभे. नुकतेच पहिल्या पाळीवरून आलेले, फुल बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली, अंगाला कुरकुंभच्या केमिकल कारखान्यांचा तो औषधी, आंबूस वास. दौंडात त्या वासाला कुणी नाक मुरडत नाही. निम्म्या घरांतली माणसं तोच वास घेऊन परततात.

ते हसले नाहीत. मोरीत जाऊन हात धुतले, रुमालाला पुसले, आणि माझ्या खुर्चीवर न बसता प्लॅस्टिकचं स्टूल ओढून घेतलं.

"पडद्याला काय झालं न्हाई बाई. कूस बदललीय फक्त."

त्यांनी दोन-तीन बटणं एकदम दाबली, मॉनिटर उचलून उभा केला, आणि सगळं जिथल्या तिथं.

माझ्या पडद्यावर तेव्हा फायलींचा नुसता पसारा होता. आमचे हे म्हणाले, "आलाच आहात तर हा उकिरडा पण रांगेत लावून द्या."

कोकरेभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तिसरीच्या गुणांची फाईल कुठं हाय?"

बघायच्या आधीच माझं बोट तिच्यावर गेलं.

"बघा साहेब. हाताला जागा ठाऊक हाय. हे रांगेत लावलं तर उद्या बाईंचा हात आंधळा हुईल. कुणाची जागा मोडू न्हाई." मग उठून मला खुर्ची दाखवत म्हणाले, "घ्या बाई, चार्ज घ्या."

चार्ज घ्या हे कारखान्यातलं. पाळी संपली की येणाऱ्याला चार्ज द्यायचा. ते कंट्रोल रूमला होते. भल्यामोठ्या पडद्यांसमोर बसून कुठल्या टाकीत किती उष्णता, कुठल्या नळीत किती दाब, ते बघत राहायचं. त्यांचे वडील मेंढरं राखायचे, शिरूरच्या त्या कोरड्या माळावर आणि उन्हाळ्यात आणखी कुठं कुठं. भाऊ सांगायचे, "बाप मेंढरं मोजायचा न्हाई. नुसती नजर टाकली की एक कमी हाय ते कळायचं. कोण कुठं उभं ऱ्हातं ते डोक्यात बसल्यालं आसायचं. आमचं काम तेच. पडद्यावर एखादी गोष्ट जाग्यावर न्हाई ह्ये आकडा वाचायच्या आधी कळाय पायजे."

त्या दिवसापासून कॉलनीत कुणाचा पडदा बिघडला की त्यांना बोलावणं जायचं. अक्षरं एकदम राक्षसासारखी झाली, खालची पट्टी गायब झाली, चित्र कडांना कापलं गेलं, सगळं निळसर दिसायला लागलं, अशीच दुखणी असायची. कॉम्प्युटरच्या आतलं काही बिघडलं असेल तर ते सरळ सांगायचे, "ह्ये माझं न्हाई. दुकानात न्या." त्यांचा प्रांत फक्त दिसण्याचा. काम झालं की मालकाला खुर्चीवर बसवायचं आणि आपण बाहेर व्हरांड्यात जाऊन उभं राहायचं. मागं उभं राहिलं की माणसाचा हात बुजतो, असं त्यांचं म्हणणं. आतून हाक आली नाही की ते चपला घालून निघून जायचे. चहा गाळून आणावा तर व्हरांडा रिकामा.

एकदा आम्ही दोन्ही घरं पुण्याचं एक लग्न आटोपून जीपनं परत येत होतो. यवतला भाऊंच्या कारखान्यातल्या एका सोबत्याचे वडील, आबा, राहत. शेवंती आणि गुलछडी लावणारे, मळ्यातच घर. त्यांचा पडदा बिघडला होता, म्हणून वाटेत थांबलो. आबांची नात परदेशात शिकत होती आणि आबा रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर तिच्याशी बोलायचे. काय झालं होतं, अक्षरं इतकी फुगली होती की निम्मी खिडकी पडद्याच्या बाहेर गेलेली आणि फोन ठेवायचं लाल बटण सापडत नव्हतं. आदल्या दिवशी नात कंटाळून म्हणाली, "आबा, मीच ठेवते," तर आबांना वाटलं ती रुसली.

पडद्याच्या काचेवर चार-पाच टिकल्या चिकटवलेल्या होत्या. लाल, हिरवी, एक चमकीची. आबा सांगायला लागले, "लाल म्हंजी नात. हिरवी म्हंजी फुलांचा बाजारभाव. चमकीची म्हंजी भजनं." चित्रांवर त्या टिकल्या लावून त्यांची ओळख ठेवलेली.

भाऊंनी अक्षरांचा आकार नीट केला. खिडकी पडद्यात मावली, लाल बटण दिसलं. पण सगळी चित्रं बारकी होऊन कोपऱ्यात गेली आणि टिकल्या मोकळ्या काचेवर तशाच उरल्या. आबा घाबरले. "आरं, माझी नात कुठं गेली?"

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. भाऊ पुन्हा स्टुलावर बसले आणि एकेक चित्र ओढून बरोबर त्याच्या त्याच्या टिकलीखाली नेऊन ठेवलं. जरा इकडे, जरा तिकडे, पुन्हा वर. आबांनी बोट ठेवून खात्री केल्यावरच उठले.

जीपमध्ये मी म्हटलं, "भाऊ, टिकल्याच काढून चित्रांवर लावल्या असत्या तर पटकन झालं असतं."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "टिकल्या आजीनं लावल्याल्या हायत बाई. तिचा फोटू हार घालून वर हुता, बघितला न्हाई का तुमी? त्यांला कोण हात लावणार?"

सुमनताईंनी त्यांच्या हातावर हळूच चापट मारली. "हात न्हाई लावला, पर जीपवाल्याच्या शिव्या खाल्ल्या की न्हाई?" आणि सगळेच हसलो.

सुमनताई मूळच्या शिरूरच्या. लग्नाआधी तिथल्याच एका क्लासमध्ये मराठी टायपिंग शिकलेल्या. आमच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका, गावातल्या लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, सगळं त्या घरी बसून टाईप करायच्या. त्यांचा वेग बघण्यासारखा होता. नजर कीबोर्डवर नाही, पडद्यावरही फारशी नाही. खिडकीतून दोरीवरचे कपडे वाळले का ते बघत प्रश्नपत्रिका संपवायच्या. कॉम्प्युटर त्यांचा. भाऊ घरी त्याला हात लावायचे नाहीत. "तिच्या दुकानात आपलं काय काम?" असं म्हणायचे.

मग एका थंडीत, सकाळी सुमनताई मोरीत पडल्या. मेंदूत रक्ताची गाठ. पुण्याला नेलं, बरेच दिवस तिकडेच होत्या. परत आल्या तेव्हा बोलणं स्वच्छ होतं, चेहराही फारसा वाकडा नव्हता. डावा हात आणि डावा पाय मात्र जड. आम्हाला वाटलं, निभावलं.

मग एकेक लक्षात यायला लागलं. ताटातली उजवीकडची भाजी संपायची आणि डावीकडची भाकरी तशीच राहायची. वर रागवायच्या, "नुसत्या भाजीवर ठेवता व्हय मला?" केस विंचरताना अर्धे विंचरून फणी खाली ठेवायच्या. मी डाव्या बाजूनं गेले आणि हाक मारली की भलतीकडेच शोधायच्या. डॉक्टरांनी भाऊंना समजावलं होतं की डोळे ठीक आहेत, पण डावीकडे काही असतं हेच मेंदू विसरलाय.

त्या पहिल्यांदा कॉम्प्युटरसमोर बसल्या तेव्हा मी तिथेच होते. मॉनिटर सुरू झाला, चित्रं आली. नेहमीसारखी डाव्या कडेला, वरून खाली. सुमनताई बघत राहिल्या. मग त्यांचा आवाज चिरकला.

"माझं सगळं कुणी पुसलं?"

"कुणी न्हाई पुसलं," भाऊ म्हणाले.

"मंग कुठाय? न्हाई हितं काही! एवढ्या वर्षांचं माझं..." आणि त्या रडायला लागल्या.

भाऊ सवयीनं वाकून मागची वायर बघायला लागले. तसेच वाकलेले काही क्षण थांबले. मग उठले, माऊस हातात घेतला आणि एकेक चित्र ओढून पडद्याच्या उजव्या अंगाला नेऊन ठेवू लागले. एक आलं तशा सुमनताई रडता रडता थांबल्या. "ही माझी पत्रिकांची." दुसरं आलं. "ही बाईंच्या शाळेची." खालची पट्टीसुद्धा त्यांनी उचलून उजव्या कडेला उभी केली. लिहायचं पान बारीक करून उजव्या अर्ध्यात बसवलं, कारण ओळीची सुरुवात त्यांना दिसत नव्हती, त्या मधूनच वाचायला लागायच्या.

सुमनताई एका हातानं पुन्हा टाईप करायला लागल्या. मी घटक चाचणीचं एक पान त्यांना मुद्दाम नेऊन दिलं. खूप वेळ लागला, पण त्यांनी ते केलं. डावा अर्धा पडदा नुसता निळा, मोकळा. सगळा संसार उजवीकडे.

मग व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायला लागली. हुशार, मोकळ्या बोलण्याची. तिनं पडदा पाहिला आणि म्हणाली, "काका, हे तुम्ही चुकीचं करताय. सगळं उजवीकडे आणून दिलंत तर काकू डावीकडे कधी बघणारच नाहीत. त्यांना शोधायला लावा. डाव्या कडेला लाल पट्टी काढा आणि सांगा, पट्टी दिसेपर्यंत मान वळवा."

भाऊंनी तसं केलं. पडद्याच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत लालभडक पट्टी आणली, सगळी चित्रं पुन्हा तिकडे नेली. त्यानंतरचे दिवस वाईट गेले. भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

"आणखी वळीव. आणखी थोडी."

"न्हाई तिकडं काय!"

"हाय सुमन. लाल पट्टी हाय."

"तिकडं काय न्हाई म्हंते ना! कशापायी छळता मला?"

एकदा त्यांनी कीबोर्ड ढकलून दिला, तो खाली पडला. त्या दिवसानंतर सुमनताई कॉम्प्युटरसमोर बसायला तयार होईनात. भाऊंनी लाल पट्टी काढून टाकली, चित्रं उजवीकडे आणली, तेव्हा कुठं पुन्हा खुर्चीवर बसल्या.

आता भाऊंना पेच पडला. सुखात ठेवावं तर डावी बाजू कायमची जाणार. शिकवावं तर तिचे हाल बघवत नाहीत. ते आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. त्यांनी रात्रीची तिसरी पाळीच मागून घेतली होती, दिवसा घरी राहता यावं म्हणून. डोळे नुसते लाल.

एके दिवशी सकाळी मी वाटी परत द्यायला गेले तर ते एकटेच कॉम्प्युटरसमोर बसलेले. सुमनताई आत झोपल्या होत्या. ते एक चित्र धरून अगदी हळू डावीकडे सरकवत होते. बोटाच्या पेराएवढं. मग दुसरं. मला बघून दचकले, चोरी पकडल्यासारखे.

"रोज थोडं थोडं," ते हळू आवाजात म्हणाले. "तिला कळू न देता. नजर आपोआप मागं मागं यील, आसं वाटतंय." मग माऊस सोडून हात मांडीवर ठेवले. "बाई, आयुष्यात कुणाची जागा हलिवली न्हाई. आन् आता हलिवतोय ते हिची. ती पण चोरून."

मी म्हटलं, "हलवा भाऊ."

तो उन्हाळा असाच गेला. मी मधूनमधून डोकावायचे. चित्रांची रांग कडेपासून सुटली होती. मग मधल्या रेघेपाशी आली. सुमनताई त्यांच्याबरोबर मान वळवत होत्या, स्वतःला नकळत. ताटातली भाकरी कधी कधी संपायला लागली. मी डावीकडून हाक मारली तर एकदा सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या की बाई." मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हेही उठून बघायला गेले.

एका दुपारी दौंडात विजेचा फार खेळ चालला होता. येत होती, जात होती. मी ओट्यावर गहू निवडत होते. सुमनताईंचा कॉम्प्युटर बंद झाला आणि परत सुरू झाला, तो आकार बिघडूनच. अक्षरं मोठी, आणि सगळी चित्रं पुन्हा डाव्या कडेला जाऊन गोळा झालेली. भाऊ आत अंथरुणावर होते. मला ते खिडकीतून दिसलं. आता पुन्हा तेच, पुसलं पुसलं म्हणून रडणं. मी सूप ठेवून धावले.

सुमनताई पडद्याच्या उजव्या बाजूकडे बघत होत्या. तिथं काही नव्हतं. मग मधे बघितलं. तिथंही काही नव्हतं. मी दारात थांबले. त्यांनी मान आणखी वळवली. आणखी. हनुवटी जवळजवळ खांद्याला टेकली. आणि त्या म्हणाल्या, "आत्ता! हितं येऊन बसलेत सगळे?"

भाऊ जागे होऊन बनियनवरच बाहेर आले. पडद्याकडे बघितलं, मग तिच्या वळलेल्या मानेकडे.

"आसं काय बघताय?" सुमनताई म्हणाल्या. "रोज सकाळी सरकवत व्हता ते मला कळत नव्हतं व्हय? वीस वरसं बसलेय ह्या खुर्चीवर. काल एक चीज हितं व्हती, आज तिथं. गप बसले. म्हणलं, करत्यात तर करू द्या. एवढ्या लांबनं वळायला लावताय तर काहीतरी आसंलच तिकडं."

कोकरेभाऊ खाली फरशीवर बसले आणि तिच्या गुडघ्याला डोकं लावलं. मी तिथून निघाले. ओट्यावर येऊन गहू निवडायला लागले, पण हातातला खडा कुठला आणि गहू कुठला ते समजत नव्हतं.

गोष्ट इथंच थांबली असती तर बरं झालं असतं. नागपंचमीच्या आसपास सुमनताईंना दुसरा झटका आला. या वेळी पुण्याहून लवकर परत पाठवलं. त्या पलंगावर असायच्या, डोळे उघडे, कुणाला ओळखतात की नाही ते कळत नव्हतं. शिरूरला दिलेली मुलगी, ज्योती, येऊन राहिली. भाऊंनी कॉम्प्युटरचं टेबल ओढून पलंगाच्या उजव्या अंगाला लावलं आणि सगळी चित्रं पुन्हा अगदी उजव्या कडेला नेऊन ठेवली. एकाखाली एक, कडेला चिकटून. ज्योती वडलांना म्हणाली, "दादा, आई कुठं बघतेय आता?" ते म्हणाले, "बघंल तवा जवळ आसाय पायजे."

एक दिवस सुमनताईंनी तिकडं बघितलं असं भाऊ म्हणायचे. ज्योती म्हणायची, नाही. मी दोघांनाही हो म्हटलं.

सुमनताई गेल्या तेव्हा घरात भाऊ, ज्योती आणि मी, एवढेच होतो. सकाळची वेळ होती, बाहेर शाळेच्या व्हॅनचा हॉर्न वाजत होता. भाऊ त्यांच्या उजव्या हाताला धरून बसले होते. रडले नाहीत. नंतर दहावं झालं, तेरावं झालं, तरी रडले नाहीत. कॉलनीतून बोलावणी यायची तेव्हा जायचे, पडदा नीट करायचे, परत यायचे. निवृत्ती जवळ होती. ती झाली आणि ज्योतीनं त्यांना शिरूरला चला म्हणून हट्ट धरला. भाड्याचं घर रिकामं करायचं ठरलं.

निघायच्या आदल्या आठवड्यात ते मला म्हणाले, "बाई, हिचा कॉम्प्युटर तुमच्या शाळेला द्यायचा हाय. चालंल का?"

न चालायला काय झालं, आमच्याकडे मुलांना एकच होता. जायच्या दिवशी ते स्वतः टेम्पोतून घेऊन आले. वर्गाच्या कोपऱ्यात टेबलावर मांडला, वायरी जोडल्या, हात धुऊन आले आणि स्टूल शोधायला लागले. वर्गात स्टूल नव्हतं. मुलांच्या बाकावरच बसले, गुडघे वर आलेले.

पडदा उजळला. चित्रं अजून तशीच होती, उजव्या कडेला, एकाखाली एक. बाकी सगळा निळा मोकळा.

"पोरांना डाव्या अंगाची सवय आसती," ते म्हणाले. "ह्यांना हितं सापडायचं न्हाई."

"राहू द्या ना भाऊ. मी सांगेन मुलांना."

त्यांनी मान हलवली. मोकळ्या जागेवर माऊस नेला, एक यादी उघडली, आपोआप रांगेत लावायचं असं काहीतरी तिच्यात होतं, त्यावर बाण आणला. तिथं बराच वेळ थांबले. मग दाबलं.

डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळी चित्रं डावीकडे जाऊन सरळ रांगेत उभी राहिली. एकसुद्धा मागं राहिलं नाही.

"एवढंच व्हतं बघा," कोकरेभाऊ म्हणाले. आवाज अगदी साधा होता. पण ते बाकावरून उठले नाहीत. उजवीकडच्या त्या रिकाम्या निळ्या जागेकडे बघत बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी वर्गाचं दार लोटून घेतलं आणि बाहेर उभी राहिले.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. व्हरांड्यात मुलं खिचडीला बसली, दोन्ही बाजूंना लांब रांगा, मधे जेमतेम वाट. थोड्या वेळानं भाऊ बाहेर आले. तोंड धुतलेलं होतं. "येतो बाई," एवढंच म्हणाले. मुलांच्या ताटांत धूळ उडेल म्हणून त्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि त्या दोन रांगांच्या मधून अनवाणी, बेतानं चालत गेले. एका मुलीनं वर बघून "नमस्ते काका" म्हटलं, तर तिच्याकडे वाकून मान हलवली.

फाटकाबाहेर त्यांनी चपला घातल्या. ज्योती स्टँडवर सामान घेऊन थांबली होती, शिरूरची गाडी लागायची वेळ झाली होती. ते सवयीनं कॉलनीच्या रस्त्याला लागले. बऱ्यापैकी पुढं गेले. पाण्याच्या टाकीपाशी थांबले, खिशाला हात लावून बघितलं. किल्ली सकाळीच घरमालकाला दिली होती. मग ते वळले आणि फाटकावरून, आत न बघता, स्टँडकडे चालत गेले.